डिस्क खरोखर वाकते का? ब्रेक लावताच थरथरणाऱ्या गाडीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/
हमरस्त्यावर ताशी नव्वद-शंभरच्या वेगात ब्रेक दाबावा आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागावे, पायाखालचे पेडल ठोके देऊ लागावे, हा अनुभव चारचाकी चालवणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीचा आहे. त्यावरचे गॅरेजमधले निदानही तितकेच ओळखीचे: "डिस्क वाकली आहे." डिस्क बदलली जाते, गाडी पुन्हा गुळगुळीत थांबू लागते आणि काही हजार किलोमीटर गेल्यावर तीच थरथर परत येते. नवी डिस्कही वाकली म्हणावी, तर असे वारंवार का घडते? हे निदान कोठून आले, ते बहुतेक वेळा अपुरे का पडते आणि खरे कारण कसे शोधावे, याचा हा धागा.

२/
आरंभ १९०२ मध्ये, बर्मिंगहॅम येथे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. कल्पना साधी होती: चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे आवळणारे जबडे. जबड्यांना अस्तर तांब्याचे होते. धातूवर धातू घासल्याने किंचाळी उठे आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर मऊ तांबे पाहता पाहता झिजे. कल्पना योग्य होती. तिला साजेसे घर्षणद्रव्य मात्र अद्याप जन्मास यायचे होते.

हेच लँचेस्टर पुढे इंजिनाच्या कंपनांवरील उपायांसाठी प्रसिद्धी पावले. क्रँकशाफ्टचा कंप शमवणारे साधन आणि इंजिन संतुलित करणारे फिरते दंड ही त्यांची देणगी आहे. गाडीच्या थरथरीशी एवढ्या निष्ठेने झुंजलेल्या माणसाच्याच तबकडीने पुढच्या पिढ्यांना एक नवी थरथर द्यावी, हा योगायोग गमतीचा आहे.

३/
ते द्रव्य शोधले हर्बर्ट फ्रूड यांनी. डर्बीशायरमधील या उद्योजकाने १८९७ पासून घोडागाड्यांच्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर प्रयोग चालवले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ॲस्बेस्टॉसचे अस्तर मोटारींच्या ब्रेकसाठी वापरात आणले. त्यांच्या कंपनीचे नाव फेरोडो. स्वतःच्या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून आणि त्यात पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर मिसळून ते घडवलेले आहे. आज गॅरेजमध्ये ज्याला 'लायनर' म्हणतात, त्याच्या वंशवृक्षाचे मूळ येथे आहे.

४/
तरीही पुढील अर्धशतक तबकडीचे नव्हते. ते ड्रमचे होते. १९०२ च्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेकची रचना पुढे आणली. चाकासोबत फिरणारे लोखंडी भांडे आणि आतून त्याच्या भिंतीवर दाबले जाणारे अर्धवर्तुळाकार शू. धूळ-चिखलापासून आडोसा मिळे आणि फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेई, त्यामुळे पायाला जोर कमी लागे. १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले आणि पेडलवरचा दाब द्रवातून सर्व चाकांना पोचू लागला. मात्र जो द्रव पायाचा जोर चाकापर्यंत नेतो, तोच चाकातील प्रत्येक उंचवटा पायापर्यंत परत आणतो. पेडलच्या ठोक्यांची वाट अशी खुली झाली.

५/
ड्रमच्या बाबतीत 'वाकला' हा शब्द चुकीचा नव्हता. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी उभी केली, तर थंड होताना आकुंचन पावणारा ड्रम आतल्या शूंवर आवळला जाई आणि किंचित लंबगोल होई. चाकाचे नट वेडेवाकडे आवळले, तरी तेच. लंबगोल ड्रम प्रत्येक फेरीत शूंना दोनदा ढकले आणि पेडल दोनदा उसळे. उपाय ठरलेला: ड्रम लेथवर चढवा, गोल करून घ्या. रोग, कारण आणि औषध तिन्ही एका शब्दात मावत. हा शब्द ड्रमच्या पिढीतील मेकॅनिकांकडून डिस्कच्या पिढीला वारशाने मिळाला असावा, असे मानण्यास जागा आहे. यंत्र बदलले, निदान तेच राहिले.

६/
ड्रमचा खरा शत्रू उष्णता. थोडे गणित पाहू. एक हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली, की सुमारे ३८५ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. सव्वा लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीला आणण्यास एवढी पुरते. आता हीच गाडी लोणावळ्याहून बोरघाटाने खाली उतरवा. उतार पाचशे मीटरहून अधिक. त्यातून मुक्त होणारी ऊर्जा अशा बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी भरते. वाटा इंजिनाने आणि हवेने उचलला नाही, तर सगळी ब्रेकच्या लोखंडात जाईल. घाटात खालच्या गिअरमध्ये राहण्याचा जुन्या चालकांचा आग्रह या आकड्यांवर उभा आहे.

ड्रम तापला की फुगून शूपासून दूर जातो आणि पेडल खोल जाऊ लागते. अस्तरही अति तापले की त्याची पकड घसरते. चालकांच्या भाषेत ब्रेक 'फेड' होतो.

७/
तबकडीचे पुनरागमन विमानांमुळे झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक विकसित झाले आणि डनलॉप कंपनीने ते ज्ञान मोटारीकडे वळवले. जॅग्वार कंपनीचे चाचणी अभियंते नॉर्मन ड्यूइस यांनी १९५२ मध्ये सी-टाइप गाडीवर त्यांच्या कठोर चाचण्या घेतल्या. अडचणींना तोटा नव्हता. ब्रेकचे द्रव उकळे. त्याहून विचित्र म्हणजे, वळणावर हब किंचित लवला की डिस्क आडवी डुले आणि पॅड मागे ढकलले जात. पुढच्या वेळी चालकाने पेडल दाबले, की ते तळापर्यंत रिकामे जाई!

या दोषाकडे लक्ष द्यावे. डिस्क ब्रेकच्या बाल्यावस्थेतच अभियंत्यांना पुरते कळले होते, की डिस्कचे आडवे डुलणे हा त्याचा जन्मजात वैरी आहे.

८/
१९५२ मध्येच स्टर्लिंग मॉस यांनी फ्रान्समधील रँस येथे डिस्क ब्रेकच्या सी-टाइपवर शर्यत जिंकली. १९५३ मध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ले माँची २४ तासांची शर्यत जिंकली. त्या शर्यतीच्या इतिहासात प्रथमच विजेत्याची सरासरी ताशी १०० मैलांपुढे गेली. सरळ रस्त्याच्या शेवटी प्रतिस्पर्धी लवकर ब्रेक धरत. जॅग्वार उशिरा धरी, आणि तासामागून तास तसेच करू शके. १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सिट्रोएन डीएस पुढच्या डिस्क ब्रेकसह अवतरली, १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर-३ आली. पुढील दोन-तीन दशकांत पुढच्या चाकांना डिस्क हा जगभर नियम झाला.

९/
फेडचा प्रश्न बव्हंशी सुटला. त्याच्या बदल्यात आली ती एक नवी नाजूकता. डिस्क ब्रेकमध्ये पॅड आणि डिस्क यांच्यात अंतर जवळजवळ नसतेच. पाय काढल्यावर पॅड केसभर मागे सरकतात, इतकेच. म्हणून डिस्कची जाडी सर्वत्र सारखी असणे अत्यावश्यक ठरते. जाड भाग पॅडमधून जाताना पिस्टन मागे ढकलला जातो, द्रवाचा दाब वाढतो आणि पकडही वाढते. पातळ भाग आला की पकड सैल पडते. चाकाच्या प्रत्येक फेरीत एकदा-दोनदा हे घडले, की गाडी थांबते तीच हिसक्यांची माळ होऊन.

किती फरक पुरतो? मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ मिलिमीटर, आणि कित्येक गाड्यांत त्याहूनही कमी. माणसाचा केस याच्या तीन-चार पट जाड असतो. डोळ्यांना, बोटांना हा फरक कधीच कळणार नाही.

१०/
मग ही जाडी असमान होते कशी? या कथेचा गाभा येथे आहे.

नवी, निर्दोष डिस्क घ्या. ती ज्या हबवर बसते, त्यावर गंजाचा पातळ पापुद्रा राहिला आहे. किंवा चाकाचे नट हवेच्या गनने एकेक करून, कमीजास्त जोराने आवळले आहेत. डिस्क सरळ असूनही तिरकी बसते आणि फिरताना किंचित डुलते. या दिवशी गाडी उत्तम थांबते, कारण कॅलिपर डिस्कसोबत इकडेतिकडे सरकू शकतो आणि जाडी सर्वत्र सारखीच आहे. मालक समाधानाने घरी जातो.

पण ब्रेक न दाबताही डिस्कचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेरीत पॅडला ओझरता घासून जातो. किलोमीटरमागे पाचशेहून अधिक वेळा. हजारो किलोमीटरमध्ये तेवढाच भाग झिजून पातळ होतो आणि एके दिवशी थरथर सुरू होते. मधल्या काळात चाक बसवण्याचा तो दिवस सर्वांच्या विस्मरणात गेलेला असतो. कारण आणि परिणाम यांत काही महिन्यांचे अंतर पडले, की आरोप समोर दिसणाऱ्या वस्तूवर जातो. इतिहासाच्या अभ्यासकांना ही चूक अपरिचित नाही.

११/
दुसरे कारण पॅडच्या द्रव्यात आहे आणि त्याला एक काळी बाजू आहे. ॲस्बेस्टॉसने ब्रेक शांत केले, माणसे मारली. इंग्लंडमधील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम केलेल्या नेली केरशॉ १९२४ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी वारल्या. त्यांच्या फुप्फुसांवरील डॉ. विल्यम कुक यांचा लेख त्याच वर्षी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. तरी ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी येण्यास १९९९ उजाडावे लागले. अमेरिकेतील १९८९ ची बंदी १९९१ मध्ये न्यायालयाने बरीचशी मोडीत काढली. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. ड्रम उघडून आतली भुकटी हवेच्या झोताने उडवणे ही आपल्याकडील सर्रास सवय या पार्श्वभूमीवर भयावह वाटते. ओले फडके किंवा ब्रेक क्लीनरचा फवारा एवढा बदल अवघड नाही.

१२/
ॲस्बेस्टॉसच्या जागी धातूचे तंतू, राळ, ग्रॅफाइट अशी मिश्रणे आली. यांतील अनेक मिश्रणे डिस्कवर स्वतःचा अतिपातळ थर चढवतात आणि मग पॅड त्या थरावर पकड घेतो. थर सर्वत्र सारखा असेल तर उत्तम. परंतु घाट उतरून ब्रेक धगधगत असताना गाडी थांबवून पेडल दाबून ठेवले, की पॅडखालच्या जागी जास्तीचे द्रव्य चिकटते आणि डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो. कोकणातल्या पावसात महिनाभर एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीत असाच ठसा गंजाने उमटू शकतो.

अमेरिकी शर्यत-अभियंते कॅरल स्मिथ यांचे आयुष्य अतितप्त ब्रेकच्या सहवासात गेले. फोर्ड जीटी-४० च्या ले माँ मोहिमेतही ते होते. वाकलेली डिस्क हा बहुतांशी भ्रम असून प्रत्यक्षात असमान चिकटलेले पॅडद्रव्यच दोषी असते, असे त्यांनी आग्रहाने मांडले. त्यांचा अनुभव शर्यतीच्या गाड्यांचा होता, त्यामुळे रोजच्या गाडीतील तिरक्या बसवणीला त्यांच्या मांडणीत असावे तेवढे वजन नाही. मात्र 'वाकली' या शब्दावरचा त्यांचा रोष रास्तच होता.

१३/
तिसरे कारण सर्वांत जुने आणि सर्वांत सुंदर. रेल्वेच्या ब्रेक ठोकळ्यांचे तापमान मोजताना पार्कर आणि मार्शल या संशोधकांना १९४८ मध्ये आढळले, की घर्षणाची उष्णता पृष्ठभागावर सारखी पसरत नाही. ती काही ठिपक्यांत एकवटते. याचे गणित जे. आर. बार्बर यांनी १९६९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. एखादा बिंदू किंचित जास्त तापला की फुगतो, फुगल्याने अधिक दाब घेतो, अधिक दाबाने आणखी तापतो. ठराविक वेगापुढे हे चक्र स्वतःच स्वतःला वाढवते.

डिस्कवर निळसर-काळे ठिपके दिसतात, ते याच चक्राचे. फार तापल्यास त्या जागी बिडाची अंतर्रचनाच बदलून कठीण बनते. अशी डिस्क लेथवर साफ केली, तरी खालचा कठीण गाभा राहतो आणि ठिपका पुन्हा डोके वर काढतो. येथे मात्र डिस्क बदलणे हाच मार्ग आहे.

१४/
थरथर ठराविक वेगालाच का जाणवते? छोट्या मोटारीच्या टायरचा परीघ साधारण १.९ मीटर. ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे साडेचौदा फेऱ्या घेते. पुढचे सस्पेन्शन आणि स्टिअरिंगची जोडणी यांची स्वाभाविक कंपनेही बहुधा याच पट्ट्यात येतात. झोपाळ्याला नेमक्या लयीत ढकलावे तसे हे हिसके जुळतात. वेग उतरला की लय तुटते आणि गाडी शहाण्यासारखी थांबते.

म्हणूनच सस्पेन्शनच्या लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट झिजले असतील, तर एरवी न जाणवणारा फरकही हात हलवतो. तेवढ्यासाठी नवी डिस्क घालणाऱ्याचे पैसे तर जातातच, पण झिजलेला बॉल जॉइंट तसाच राहतो, ही अधिक गंभीर गोष्ट.

१५/
आता निदानाकडे. पहिला प्रश्न: ब्रेक न लावता गाडी हादरते का? होय असेल, तर टायर, चाकाचे बॅलन्सिंग आणि रिम पाहावे. ब्रेकला हात लावू नये. ब्रेक लावल्यावरच आणि स्टिअरिंगमध्ये हादरा असेल, तर संशय पुढच्या चाकांवर. आसनात किंवा जमिनीत जाणवत असेल, तर मागच्या. हा ठोकताळा आहे, पुरावा नव्हे. थंड असताना ठीक आणि घाटानंतरच हादरे, असे असेल तर उष्णतेच्या ठिपक्यांचा विचार करावा. जोरात ब्रेक मारल्यावर पेडल खडखडले, तर तो दोष नसून एबीएस काम करत असण्याचीच शक्यता अधिक. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशची ही प्रणाली आल्यापासून चालक तिला घाबरत आले आहेत. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत का, हे पाहावे.

१६/
यानंतर अंदाज थांबतो आणि मोजमाप सुरू होते. डिस्क नटांनी हबवर घट्ट आवळून, डायल गेजचे टोक कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आत टेकवून डिस्क सावकाश फिरवावी. बहुतेक गाड्यांत आडव्या डुलण्याची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्यावा. मग मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजावी. आठही मापे ०.०१ मिलिमीटरच्या आत जुळत असतील, तर ती डिस्क निर्दोष आहे. चोर दुसरीकडे आहे. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते.

डुलणे जास्त आढळले, तर डिस्क काढून हबचा चेहरा तारेच्या ब्रशने लख्ख करावा, डिस्क एक-दोन छिद्रे फिरवून बसवावी आणि पुन्हा मोजावे. पुष्कळदा माप एवढ्यानेच निम्म्यावर येते. तरीही न उतरल्यास हब किंवा बेअरिंग तपासावे.

१७/
जाडी असमान, पण किमान मर्यादेच्या पुरेशी वर असेल, तर लेथवर फेसिंग चालते. गाडीवरच बसवून चालवता येणारा लेथ मिळाला तर उत्तम, कारण तो हबचा तिरकेपणाही हिशेबात धरतो. शेवटी नट तारेच्या आकृतीत, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळावेत. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि नेमके हेच टाळले जाते.

नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये, आणि मधे गाडी चालवत ब्रेक थंड होऊ द्यावेत. पॅडचा थर सारखा चढतो तो येथेच.

१८/
आणि कथेचे ताजे वळण. विजेच्या गाड्यांत मोटरच उलटी चालून वेग कमी करते, घर्षणाचे ब्रेक क्वचित लागतात. न वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो आणि गंजाचे डाग म्हणजे पुन्हा असमान पृष्ठभाग. २०२० मध्ये रस्त्यावर आलेल्या फोक्सवॅगनच्या आयडी.३ या विजेच्या गाडीला मागच्या चाकांवर म्हणूनच झाकलेले, पावसापासून सुरक्षित असे ब्रेक दिले गेले: ड्रम.